घाटातला उखाणा

"हळू चालव ना," वृंदा म्हणाली, तसा निनादने गाडीचा वेग आणखी वाढवला. घाटातलं वळण अंगावर आलं.

दुपारी मावशीकडच्या केळवणात तिने उखाणा घेतला होता आणि त्यात होणाऱ्या नवऱ्याच्या उशिरा येण्याची थट्टा केली होती. सगळे पोट धरून हसले. निनादही हसला होता.

"आता घे उखाणा," रस्ता सोडून तिच्याकडे बघत तो म्हणाला. "नीट घे."

समोरून ट्रक आला. कसाबसा तिने उखाणा जुळवला, त्यात त्याला राजा म्हटलं. गाडी लगेच हळू झाली. त्याने प्रेमाने तिचा गाल थोपटला. "बघ, जमतं की!"

त्याचा उशीर, विसरलेले फोन, प्रत्येक गोष्ट आईला विचारणं... लग्नाआधी बोलायचं म्हणून किती काय मनात साठवलं होतं तिने! आता त्यातलं काहीच महत्त्वाचं वाटेना.

घाट उतरल्यावर तो चहा आणायला गेला. तिने मावशीला फोन लावला.

"काय गं, पुन्हा उशीर केला का त्याने?" मावशी हसली.

दोन कप सांभाळत तो परत येत होता, शीळ घालत.

"नाही मावशी. मला त्याची भीती वाटतेय. न्यायला ये."