डबा आईच्याच हाती

"दुसरी पंचवार्षिक योजना संपेल तेव्हा या तालुक्यात एकही लेकरू अशक्त उरणार नाही," विकास अधिकारी खुशालराव पारावर उभे राहून म्हणाले. सकाळपासून हे त्यांचं तिसरं गाव. वाक्य तेच, आणि जीपमधला दूधभुकटीचा डबाही तोच.

टाळ्या झाल्या. मग गावातलं सगळ्यात अशक्त लेकरू पुढं आणायचं ठरलं. शोधावं लागलं नाही. जमुनाच्या कडेवरचा कोंड्या वर्षाचा होऊन गेला तरी मान धरत नव्हता. रडायचं म्हटलं तरी त्याला दम लागे.

"कोणाचं हे?"

"मैनाबाईचं जी," जमुना म्हणाली.

शेजारची मैनाबाई पुढं सरकली. साठीची, बोळक्या तोंडाची. खुशालरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तिनं इकत घेतलं, साहेब," महादेवराव पाटलांनी उलगडा केला. "जमुनाचे आधीचे जगले नाही. मंग हे जलमल्याबराबर मूठभर कोंड्यात मैनाबाईले इकून टाकलं. आता जमुनानं माहं म्हटलं का सटवाई आयकते अन् लेकरू नेते."

"स्वतंत्र भारतात लेकरं विकता?" खुशालराव पारावरून खाली उतरले. "नियम स्पष्ट आहे. डबा आईच्याच हाती. आणि तिनं चारचौघांत सांगायचं, माझं आहे म्हणून."

जमुनानं मैनाबाईकडं पाहिलं. मैनाबाईनं पायाखालची जमीन पाहिली. वर्षभर पाजताना, निजवतानासुद्धा जमुनानं तो शब्द तोंडातून जाऊ दिला नव्हता. कोंड्याच्या फासळ्या तिच्या हाताला टोचत होत्या.

"माहा आहे," ती पुटपुटली.

"मोठ्यानं, बाई."

"माहा आहे जी. म्याच जलम देल्ला."

डबा तिच्या हातात आला. फोटो निघाला. लगेच चपराशानं डबा काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जीपमध्ये नेऊन ठेवला.

"तुमचं मंजूर झालं," खुशालराव म्हणाले. "माल परतवाड्याहून मागाहून येईल. हा पुढच्या गावाला लागतो."

जीप सुरू झाली. जमुना बाजूनं चालू लागली, कोंड्याला दोन्ही हातांवर पुढं धरून.

"साहेब, मैनाबाईचा सौदा तर मोडला. मंग जाता जाता तुमीच घ्या याले इकत," ती म्हणाली. "कोंडा जवळ नसन, तर मी देतो आणून."