चुकलेलं पाऊल

साल्सा सुरू झाला आणि जिममधल्या बाराजणींचे पाय एकदमच उजवीकडे वळले. शिकवणाऱ्या रेश्माची पावलं पोटरीवर बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीतून प्रत्येकीच्या स्नायूंत उतरायची, त्यामुळे कुणी चुकायचंच नाही. अर्धांगवायूनं लुळा पडलेला कुमुदकाकूंचा डावा पायही वर्षभर त्या पट्टीच्याच जोरावर नाचत होता.

आज मात्र भर साल्सात त्या पायानं मंगळागौरीतल्या झिम्म्याचा ठेका धरला. दणकन.

"काकू, चुकलात!" म्हणत रेश्मा त्यांची पट्टी नीट करायला वाकली. पट्टीचं चार्जिंग केव्हाच संपलं होतं.

"अगं बाई! मग ह्याला नाचवतंय कोण?" काकू पायाकडे बघतच राहिल्या.

रेश्मानं गाणं बंद केलं. तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"काकू, परत चुका बघू!"

काकू परत चुकल्या. दणकन.