मास्तरीण, शिल्लक जीव एक

एकेचाळीस सेकंद मोजून टर्नरने पळून जायचं बटण दाबलं. पाचातल्या दुसऱ्या हाडांच्या सापळ्याने तलवार फिरवली आणि मास्तरीण मेली.

त्याने वहीत एकेचाळीसपुढे फुली मारली आणि परतीचं बटण दाबलं. पुन्हा तेच भुयार, तेच पाच सापळे. खाली कोपऱ्यात नाव, मास्तरीण. शिल्लक जीव, एक.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ तीस वर्षांपूर्वीचा होता, त्याच्या वारलेल्या बायकोचा. ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी सहा जणांची टोळी घेऊन या भुयारात उतरायची. सहाही जणांना नावं घरातलीच, मास्तरीण ती स्वतः. कुत्र्याला तिने जादूगार केलं होतं आणि धाकट्या दिराला चोर. दीर त्यावरून महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. आता दीर, कुत्रा, शेजारीण, लेक आणि टर्नर स्वतः, सगळे भुयारात आडवे पडले होते. उभी होती ती एकटी मास्तरीण.

हे काम त्याच्याच हातून झालं होतं. दुरुस्तीवाल्याने जुन्या फ्लॉपीवरचा खेळ लॅपटॉपवर घालून दिला, सोबत नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम दिला आणि दोन बटणं समजावली. एकाने खेळ आहे तिथे गोठवायचा. शेजारच्याने गोठवला होता तिथे परत जायचं. "म्हणजे मरण नाहीच म्हणा ना काका," असं म्हणून तो हसला होता. एक प्रत काढून ठेवा, हेही त्याने सांगितलं होतं. आज काढू, उद्या काढू करत ती राहिली.

आज सकाळी टोळी एकामागून एक पडायला लागली, तसा टर्नर घाबरला. परतीचं बटण दाबायला गेला आणि गोठवायचं दाबून बसला. बायकोने टोळी जिथे ठेवली होती ती जागा पुसली गेली. जुना खेळही खडूस. कोणी मेलं की स्वतःच तशी नोंद करून टाकायचा, त्यामुळे तिथूनही मागे जाता येत नव्हतं. फ्लॉपी तर दुकानातच एकदा वाचली गेली आणि नंतर नुसती खरखरली. दुरुस्तीवाल्याला फोन लावून झाला होता. त्याच्याकडेही काही नव्हतं. उरला होता तो एवढाच क्षण, एका जिवाचा.

लेक तिसऱ्यांदा जेवायला बोलवायला आली. दुपारचे तीन वाजून गेले होते. ती दाराशीच थांबली. सकाळी सगळं ऐकल्यावर त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. त्यापेक्षा भांडली असती तर बरं, असं टर्नरला वाटत होतं.

त्याने आपणहून वही पुढे केली आणि समजावून सांगायला लागला. तेवढेच सेकंद थांबून तेच बटण दाबलं तर दर वेळी तेच होतं. एक सेकंद जास्त थांबलं की वेगळं होतं. कधी पहिला सापळा मारतो, कधी तिसरा. दहाव्या सेकंदाला मंत्र म्हटला तेव्हा दोघांचे वार चुकले होते, मेली ती तिसऱ्याच्या हातून. म्हणजे ती सुटेल असा एखादा सेकंद असणारच. चाळीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून त्याने लेथवर हेच केलं होतं. माप जुळेपर्यंत केसाकेसाने पातं सरकवायचं. घाई केली की लोखंड वाया.

लेकीने वही चाळली. पानंच्या पानं फुल्या.

"बाबा, पुरे आता."

"साठपर्यंत बघतो."

"आणि साठनंतर?"

"मग एकसष्ट."

तिने वही मिटून टेबलावर ठेवली. "आईच्या वेळी मात्र लगेच पुरे म्हणालात."

टर्नरचा हात बटणावर होता, तो त्याने काढून घेतला. मग उठला, गुडघा धरून खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"बस," तो म्हणाला. "तू दाब."

ती बसली. कुठलं बटण कशाचं, ते त्याने बोट दाखवून सांगितलं. हे पळायचं, हे मंत्राचं, हे वार करायचं. आणि घाई नाही, आपण काही दाबल्याशिवाय ते हलत नाहीत.

लेकीने पळायच्या बटणावर बोट टेकवलं. सवयीने टर्नर मनात मोजायला लागला. पंचवीसपर्यंत आला, मग त्याने मोजणं सोडून दिलं. शेजारच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं, ते थांबलं. तिचं बोट होतं तिथेच होतं. नखाची कड पांढरी झाली होती.

"आईचं मशीन काढायचं का, असं डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते."

"हो."

"मी वर येईपर्यंत थांबता नाही आलं?"

टर्नरने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"डॉक्टर म्हणाले, पेशंटला त्रास होतोय. आत्ताच सांगा."

लेकीने बटणावरचं बोट हळूच उचललं आणि तो हात दुसऱ्या हाताने मांडीवर घट्ट धरून ठेवला.