दादाच्या वजनाची स्प्रिंग

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा गॅरेजच्या दारातूनच म्हणाले.

तिने मान वर केली नाही. मातीतल्या शर्यतीची मोटरसायकल स्टँडवर चढवलेली होती, मागचं चाक अधांतरी होतं आणि ती शॉकॲब्सॉर्बरचा शेवटचा बोल्ट सोडवत होती. बोल्ट हट्टी होता. तीही काही कमी नव्हती.

"अंगण वाकडंच आहे, बाबा. दादाच्या मापाचं आहे."

सकाळी सरावात ती त्याच डाव्या वळणावर पुन्हा आडवी झाली होती. कोपर सोललं होतं. उद्या शर्यत, आणि बाबांचं आपलं एकच पालुपद: वळणावर घाबरतेस. ती घाबरत नव्हती. दादा अंगाने तिच्या दीडपट. त्याच्यासाठी बसवलेली जाड स्प्रिंग तिच्याखाली दबायचीच नाही. मग चाकं वळणात मातीला धरायची नाहीत, आणि खड्डा आला की गाडी तिला उडवून लावायची. पुढच्या स्प्रिंगा तिने दुपारीच बदलल्या होत्या. बाबा जेवून आडवे झाले होते, म्हणून जमलं.

"ती काढलीस, तर तो आल्यावर काय चालवेल?"

दादा दुसऱ्या शहरात नोकरीला लागून वर्षं झाली होती. परवाच तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, पोट सुटलंय माझं. आता गाडी मला उचलायची नाही." बाबाही हसले होते. नंतर गॅरेजमध्ये येऊन त्यांनी खिळ्यावरचं त्याचं हेल्मेट पुसून ठेवलं. तिला त्या हेल्मेटचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

बोल्ट सुटला. शॉकॲब्सॉर्बरवरचं, स्प्रिंग दाबून धरणारं कडं सैल करून तिने जुनी स्प्रिंग काढली आणि बाबांच्या पायापाशी ठेवली. आपटली नाही, ठेवली. मग हलकी स्प्रिंग बसवली, सगळं पुन्हा आवळलं, गाडी खाली उतरवली.

खरी पंचाईत पुढेच होती. वर बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं, आणि त्या मापाने कडं फिरवायचं. पण बसायचं तिनेच, तर टेप धरायचा कुणी? तिने भिंतीला खेटून गाडी उभी केली, वर बसली आणि टेप घेऊन मागे वाकली. वाकली की वजन सरके आणि माप बदले. पुन्हा बसली, पुन्हा वाकली. गाडी कलली आणि टेप सुर्रकन आत जाताना तिच्या बोटाला चावून गेला.

"आई गं!"

बाबा आता हसणार, असं तिला वाटलं. ते हसले नाहीत.

"जमल्याशिवाय मी इथून उठणार नाहीये," ती म्हणाली.

बाबांनी जुनी स्प्रिंग उचलली. फडक्याने पुसली, वरच्या फळीवर हेल्मेटशेजारी ठेवली. मग टेप घेऊन मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"जा, बूट-हेल्मेट घालून ये. शर्यतीला काय घरच्या चपलेवर जाणार आहेस?"

ती पळतच गेली आणि सगळं चढवून आली. भिंतीला एक बोट टेकवून गाडीवर बसली. बाबांनी टेप लावला, आकडा पाहिला.

"बस की."

"बसलेय."

"टेकलीयेस. परक्याच्या घरी टेकतात तशी. सगळं वजन टाक."

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण अजून चवड्यांवरच आहोत. तिने दोन्ही पाय पायदानावर घेतले, अंग सैल सोडलं. गाडी तिच्याखाली पहिल्यांदाच दबली. तिला एकदम रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

बाबांनी कड्यावर छिन्नी ठेवून हातोडीने ठोकलं. मोजलं, पुन्हा ठोकलं, पुन्हा मोजलं. मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"घे. अंगण सरळ करून दिलं," ते म्हणाले. "उद्या नाचून दाखव."