जावईबापूंच्या आवडीचं

लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला जावयाने भिडेपोटी सासूबाईंच्या भोपळ्याच्या गिळगिळीत गोडाला "वा" म्हटलं. तेव्हापासून चौदा वर्षं दर सणाला त्याच्या पानात तेच पडायचं, तेही दोनदा. आवडत कुणालाच नव्हतं.

"दाजी, तुमच्या एका 'वा'ची शिक्षा अख्खं घर भोगतंय," मेहुणा कानाशी पुटपुटायचा. पण खरं सांगायला जावयाची जीभ रेटायची नाही.

गेल्या वर्षी आजारी सासूबाईंनी त्याला घरातला जुना डीप फ्रीजर दाखवला. फ्रिजदुरुस्ती हाच त्याचा धंदा.

"जावईबापू, हा माझ्यामागेही चालला पाहिजे हो."

त्याने नवा कॉम्प्रेसर बसवला आणि छातीठोकपणे सांगितलं, "आई, आता वीस वर्षं बघायला नको."

दोन महिन्यांनी सासूबाई गेल्या.

यंदा सणाला त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याला मनापासून भरून आलं. पानात भोपळा नाही म्हणून जरा हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तेवढ्यात बायकोने डोळे पुसत फ्रीजर उघडला. आत वीस डबे होते. प्रत्येकावर सासूबाईंच्या अक्षरात पुढचं एकेक वर्ष, आणि खाली लिहिलेलं, 'जावईबापूंसाठी'.

मेहुण्याने हळूच विचारलं, "दाजी, हा बंद पडायची काही शक्यता?"



जावयाने नकारार्थी मान हलवली. इतकं चोख काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.