राखीव गोलकीपर

सगळा संघ जिला 'भिंत' म्हणायचा, तिच्यावर राखीव गोलकीपर दोन वर्षं बाकावर बसून जळत होती. आज भिंतीचं डोकं खांबावर आपटलं, तेव्हाही हिची नजर आधी तिच्या हातमोज्यांवर गेली.

डॉक्टरांनी भिंतीला यंत्रासमोर बसवलं. सरकत्या ठिपक्यामागे डोळे कसे धावतात ते यंत्राने मोजलं आणि मोसमाच्या सुरुवातीच्या नोंदीशी ताडून पाहिलं.

"फरक नाही. खेळू दे."

राखीवच्या पोटात दुखलं. "ती नोंदच खोटी आहे," ती बोलून गेली. "तेव्हा हिने मुद्दाम नजर भरकटू दिली. पुढे मार लागला तरी फरक दिसू नये म्हणून."

"तुला कसं माहीत?" प्रशिक्षकबाईंनी विचारलं.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत बसून राखीवनेही तेच केलं होतं. युक्तीही हिचीच. "तिनेच सांगितलं मला."

भिंतीने खरं सांगितलं असतं, तर दोघीही बाहेर बसल्या असत्या. पण तिने हातमोजे काढून पुढे केले. "हो, मीच सांगितलं. पट्टा घट्ट आवळ, तुझं मनगट बारीक आहे."

हातमोजे चढवताना राखीव पुन्हा तिच्यावरच जळत होती.