जादा कोंबडा

“जावई आल्यात. त्यो जादा कोंबडा काढ डालग्याखालनं,” सुरी पाजळत नवरा म्हणाला.

वच्छलानं कोंबडा पायाला धरून बाहेर ओढला. परड्यात दोन कोंबडे झाल्यापासून या मेल्यानं नुसता उच्छाद मांडला होता. एकेका कोंबडीची पाठ त्यानं चोचीनं सोलून काढली होती.

सोप्यात जावई पाय पसरून बसला होता. “तिला म्हणावं, आवरून ठेव. जेवलो की निघायचं.”

आत लेक खाली मान घालून त्याच्याचसाठी मसाला वाटत होती. महिन्यापूर्वी ती पळून आली, तेव्हा तिच्या पाठीवरच्या वळांना वच्छलानंच हळद लावली होती. ते आठवून वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

कोंबड्यासाठी नवऱ्यानं हात पुढं केला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुतळीनं कोंबड्याचे पाय करकचून बांधले आणि सोप्यात येऊन तो जावयाच्या मांडीवर आपटला.

“लेक येणार न्हाई, पाव्हणं. पर तुमाला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? ह्यो न्या. तुमच्याच गुणाचा हाय.”